जांभ्यावरचं ताट

(केळशी येथील वासंतिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भर वैशाखात केळशीत येऊन मधुमेहावर बोलणं म्हणजे लग्नघरी जाऊन निर्जळी एकादशीचं माहात्म्य सांगणं. समोरच्या निम्म्या मंडळींच्या पोटात आत्ता आमरस आहे आणि उरलेल्यांच्या माळ्यावर अढी पिकते आहे. व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न आंब्याचाच येणार, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. आंबा खा. रसाच्या वाट्यांवर वाट्या नकोत, चार फोडी चावून खा, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र जरा थांबा, तुमच्याकडे मी नंतर येणार आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी माझ्या आईला शिकवलं. केळशी माझं आजोळ. आई सांगायची, विज्ञानाच्या तासाला गुरुजी किनाऱ्यावरची शिंपली आणायला लावत, ती पाटीवर ठेवून तिच्यावर लिंबू पिळत. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे यायला लागत. पोरांना वाटायचं शिंपली जिवंत झाली. मग गुरुजी सांगत की हा दगडच आहे, आंबटात विरघळतो, आणि यातलं कॅल्शियम तुमच्या हाडांतही आहे. त्यानंतर आईने घरातल्या लिंबांची जी नासाडी केली, तिच्याबद्दल आजी शेवटपर्यंत गुरुजींना दोष देत होती. दगड आपल्या अंगात असतो, ही गोष्ट आईला त्या तासाला कळली आणि मला तिच्याकडून. आजचा विषय तोच आहे: अन्नातली खनिजं, आणि मधुमेह झालेल्या माणसाला त्यांचा उपयोग किती.

सुरुवात एका डबीपासून करते.

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेला एक मुलगा आईला घेऊन माझ्याकडे आला. आई पंचाहत्तरीची, बारा वर्षं मधुमेह. मुलाने पिशवीतून प्लास्टिकची एक डबी काढून टेबलावर ठेवली. वर चकचकीत कागद, त्यावर हिरवं पान. महिन्याला आठशेच्या वर खर्च. ‘नैसर्गिक खनिजं आहेत डॉक्टर, साखर उतरते म्हणतात. आईची गोळी बंद करून हीच चालू ठेवू का?’ मी चष्मा वर करून मागचा बारीक मजकूर वाचला. क्रोमियम, मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम, व्हॅनेडियम. मग आईंना विचारलं, जेवता काय? त्या म्हणाल्या, ‘दात गेले, भाकरी सुटली. आता दोन्ही वेळा मऊ भात. चावायला नको नि काही नको.’

नाचणीची भाकरी गेली आणि तिच्या जागी आठशे रुपयांची डबी आली. मुलाची माया खरी होती, त्यात मला काही बोलायचं नाही. पण त्या रात्री मला झोप लागेना. आज तुमच्यापुढे ती डबीच वाचायची ठरवलं आहे. तिच्यावर जे लिहिलं होतं ते आधी, आणि जे लिहिलेलं नव्हतं ते नंतर.

पहिलं नाव क्रोमियम. १९५९ मध्ये अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मर्ट्झ या दोघांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून असं मांडलं की साखर पचवायला मदत करणारा एक घटक यीस्टमध्ये असतो आणि त्याच्या गाभ्याशी क्रोमियम आहे. पुढे १९७७ मध्ये टोरांटोच्या जीजीभॉय यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. त्या बाईंचं सगळं पोषण वर्षानुवर्षे शिरेतून चालू होतं, त्यात क्रोमियम नव्हतं, साखर बिघडली, क्रोमियम दिल्यावर सुधारली. झालं, तेवढ्यावर पुढची बाजारपेठ उभी राहिली. पण शिरेतून पोषण घेणारी बाई आणि केळशीत भात-आमटी जेवणारी आजी यांच्यात फरक आहे. आपल्याला जेवणातून लागणारं क्रोमियम इतकं थोडं की ते कमी पडलेला माणूस सापडणंच कठीण. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर क्रोमियम माणसाला अत्यावश्यक आहे याचाच पुरावा पुरेसा नाही, असं म्हटलं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगतं की कमतरता नसताना अशा पूरक गोळ्या सरसकट देण्याइतका आधार नाही. पहिल्या नावावर काट.

व्हॅनेडियमवर वेळ घालवत नाही. सेलेनियमवर मात्र थोडं थांबू या, कारण त्याची गोष्ट गमतीची आहे, आणि गंमत घेणाऱ्याच्या अंगाशी येणारी आहे. अमेरिकेत त्वचेचा कर्करोग पुन्हा होऊ नये म्हणून काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं गेलं, काहींना नुसतीच गोळी. २००७ मध्ये त्याच लोकांची मधुमेहाच्या अंगाने मोजदाद झाली. सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह जास्त निघाला, दीडपटीच्या आसपास. आणि आपण तेच साखर उतरवायला विकत घेतो! डबीच्या त्याच ओळीवर मी पेनने खूण केली आणि मुलाला डबी परत दिली.

जस्ताची गोष्ट वेगळी आहे, ती मला मनापासून आवडते. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन तयार करून साठवून ठेवतात ती जस्ताच्या मदतीनेच. सहा इन्सुलिनचे रेणू जस्ताच्या दोन कणांभोवती गोल बसतात, जशी गावातली माणसं पारावर बसतात. १९३४ मध्ये टोरांटोच्या स्कॉट यांनी दाखवलं की इन्सुलिनचे नीट स्फटिक पडायला जस्त लागतं. स्फटिक मिळाले म्हणून त्यांच्यातून क्ष-किरण सोडता आले. ते सोडले डोरोथी हॉजकिन यांनी, आणि इन्सुलिनची पूर्ण रचना त्यांना १९६९ मध्ये उलगडली, म्हणजे तीसहून जास्त वर्षं चिकाटी धरून. या बाईंचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मग जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात? इथेही निसर्ग आपल्याला चकवतो. इन्सुलिनच्या पेशीत जस्त आत ओढणारं एक प्रथिन आहे. ज्यांच्यात जन्मतःच ते प्रथिन निम्म्याने निकामी असतं, त्यांना मधुमेह होण्याची शक्यता उलट कमी असते, असं २०१४ मध्ये निघालं. म्हणजे सगळा हिशेब ‘जास्त म्हणजे चांगलं’ इतका सरळ नाही. जस्त हवंच तर ते ताटातून घ्या. खाडीकाठच्या बायका ओहोटीला खडकांवर बसून टोकदार लोखंडी हत्याराने जी कालवं टोचून काढतात, त्यांच्याइतकं जस्त दुसऱ्या कुठल्याही अन्नात क्वचितच असेल. ज्यांना चालतात त्यांनी खावीत. ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी डाळी, तीळ, शेंगदाणे आहेत. कालवं सोलताना त्या बायकांच्या बोटांना जखमा होतात, हे खाताना आठवलं तर बरं.

राहिलं मॅग्नेशियम. डबीवरच्या नावांत याचाच काय तो खरा अधिकार.

इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन कडी वाजवतं. आतून दार उघडण्यासाठी जी हालचाल होते, तिला एटीपी नावाचं इंधन लागतं, आणि एटीपी पेशीत वावरतं ते बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा हात धरूनच. मॅग्नेशियम कमी असलं तर कडी वाजते आणि आतले लोक उठत नाहीत. दुसऱ्या बाजूने रक्तात साखर चढली की ती लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, आणि त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियम वाहून जातं. मॅग्नेशियम कमी म्हणून साखर वाढते, साखर वाढली म्हणून मॅग्नेशियम कमी होतं. त्यात आणखी भर आपल्या लाडक्या ॲसिडिटीच्या गोळीची. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची ती गोळी महिनोन्महिने चालू ठेवली तर मॅग्नेशियम उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच तसा इशारा दिला आहे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचंही तसंच. आणि रक्ताच्या तपासणीवर फार विसंबू नका, कारण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं.

२००३ मध्ये मेक्सिकोतल्या दोन संशोधकांनी ज्यांच्या रक्तात मॅग्नेशियम खरोखर कमी होतं अशा ६३ मधुमेहींना निवडलं. निम्म्यांना सोळा आठवडे मॅग्नेशियमचं द्रावण दिलं. त्यांची साखर उतरली. आता हा आकडा डब्या विकणारे सगळीकडे सांगतात. ‘ज्यांच्या रक्तात कमी होतं’ हे शब्द तेवढे गाळून सांगतात.

आता थोडं तुमच्या तालुक्याकडे येते. लोकमान्य टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, याच दापोली तालुक्यातलं. टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढताना हा रोग त्यांच्या बरोबर होता, आणि तिथे त्यांनी नेहमीचा भात-पोळीचा आहार सोडून जवाच्या पिठावर राहून पाहिलं. तेव्हा इन्सुलिन नव्हतं. टोरांटोत पहिल्या रुग्णाला ते टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले होते. त्यांच्या हातात होतं ते फक्त ताट. ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या माणसाने आपलं ताटही तितक्याच कठोरपणे तपासलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जवाने त्यांना काही बरं वाटलं असेल तर ते कशाने? जवातल्या मॅग्नेशियमने, की चिकट चोथ्याने, की मुळात भात सुटल्याने? हा प्रश्न आजही सुटलेला नाही. लाखो माणसांचा आहार वर्षानुवर्षे टिपणारे अभ्यास सांगतात की रोज १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम जास्त खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास कमी दिसतं. पण मॅग्नेशियम जास्त खाणारी माणसं म्हणजे कोंड्यासकट धान्य, डाळी, पालेभाज्या, दाणे खाणारी माणसं. त्यांच्या ताटातून एकटं मॅग्नेशियम उचलून डबीत भरलं की बाकीचं सगळं मागे राहतं. मला स्वतःला वाटतं की त्या १५ टक्क्यांतला बराच वाटा त्या मागे राहिलेल्याचा असावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत. शंभर ग्रॅम सडीक पांढऱ्या तांदळात मॅग्नेशियम २० मिलिग्रॅमच्या आत. नाचणीत १४६ च्या आसपास. कुळथात दीडशेच्या वर. कॅल्शियम बघाल तर तांदळात जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या पुढे. बाईमाणसाला दिवसाला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं असं आपल्याकडे २०२० मध्ये ठरवलं गेलं. दोन मध्यम भाकऱ्यांना ऐंशी ग्रॅम पीठ धरा, वाटीभर पिठल्याला तीस ग्रॅम कुळथाचं पीठ. एका जेवणात १६० मिलिग्रॅम झालं, दिवसाच्या गरजेच्या चाळीस टक्क्यांवर. ऐंशी ग्रॅम तांदळाच्या भाताने पंधरा-सोळा मिळालं असतं.

हे सांगून मी तुम्हाला नाचणीचं स्तोत्र म्हणायला लावणार नाही. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं आणि तेव्हापासून नाचणीची बिस्किटं, नाचणीचे लाडू, नाचणीचं चॉकलेट घातलेलं काहीतरी, असं सगळं बाजारात आलं. मधुमेही माणूस ते ‘नाचणीचं आहे’ म्हणून निर्धास्त खातो. शंभर ग्रॅम नाचणीत सदुसष्ट ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, तांदळात अठ्ठ्याहत्तर. फरक आहे, पण नाचणी म्हणजे काही वांगं नव्हे. आणि नाचणीचं सत्त्व? भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलं की चोथा फडक्यात राहिला आणि पिष्ट वाटीत आलं. त्यात दूध-गूळ घालून प्यायलं की साखर सरळ वर जाते. बाळंतिणीला ठीक, मधुमेहीला नाही. भाकरी खा, आंबील करा. पीठ रात्री ताकात भिजवून ठेवलं की धान्यातलं फायटेट कमी होतं, आणि ज्या खनिजांना ते आवळून धरतं, त्यांना शरीरात जायला वाट मिळते. आमच्या आज्यांना फायटेट माहीत नव्हतं. आंबील माहीत होती.

नाचणी गेली कशी, हे इथल्या वरकस जमिनी बघितल्या की कळतं. डोंगरउतारावर नाचणी-वरी करणारे हात मुंबईला गेले, उतार रानाखाली गेले, आणि रेशनवर तांदूळ येऊ लागला. त्यात कोणाचा दोष काढायचा? पोट भरणं ही पहिली गोष्ट होती. पण २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं, आणि सगळ्यात जास्त प्रमाण निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. केरळ, पुदुच्चेरी त्याच्या मागोमाग. गोवा म्हणजे आपलीच भात-मासे-नारळाची किनारपट्टी. मला यात मासे-नारळापेक्षा भाताचा ढीग आणि बसलेलं आयुष्य जास्त दिसतं, पण ते बाजूला ठेवू.

डबी संपली. आता डबीवर नसलेली चार नावं. माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या चौघांनी मला जेवढं पळवलं, तेवढं वरच्या पाचांनी मिळून नाही.

पहिलं लोखंड. तुमचं गाव जांभ्यावर बसलं आहे. पाखाड्या जांभ्याच्या, विहिरी जांभ्यातून खणलेल्या, घरांचे चिरे जांभ्याचे. जांभा लाल का? लोखंडामुळे. लाखो वर्षांच्या पावसाने बाकीची विरघळणारी खनिजं धुऊन नेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. आणि या लोखंडावर चालणाऱ्या बायकांच्या रक्तात लोह नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या.

याचा मधुमेहाशी काय संबंध? तुम्ही सगळे जी तीन महिन्यांची साखर तपासता, ती एचबीए१सी. १९६८ मध्ये इराणच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, तिथून ही तपासणी आली. ती समजून घ्यायची तर तुमची वाळूची टेकडी आठवा. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी त्या टेकडीचे थर वाचून या किनाऱ्याचा भूतकाळ शोधला. एचबीए१सी असाच थर वाचते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढे दिवस रक्तात फिरताना तिच्यावर साखर बसत जाते, आणि तो थर मोजून मागच्या तीन महिन्यांची साखर सांगतात. पण लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, म्हाताऱ्या पेशींचा भरणा जास्त होतो, आणि त्यांच्यावर थर जाड. साखर वाढलेली नसताना आकडा वाढलेला दिसतो.

अशीच एक बाई माझ्याकडे आली होती. एचबीए१सी ६.८. म्हणजे कागदावर मधुमेह. मी गोळी लिहायला पेन उचललं, आणि तिने पदर सावरायला हात वर केला तेव्हा तिची नखं दिसली, पांढरीफटक आणि मधे चमच्यासारखी खोलगट. हिमोग्लोबिन काढलं, ८.२. उपाशीपोटीची साखर ९६. तिला मधुमेहाची गोळी दिली नाही, लोहाची दिली. चार महिन्यांनी आकडा सहाच्या खाली. उलटही होतं: रक्त चढवलं असेल किंवा थॅलेसेमियासारखा आजार असेल तर हा आकडा खोटा दिलासा देतो. म्हणून हिमोग्लोबिन न बघता नुसता एचबीए१सी वाचू नका, आणि वाचणाऱ्याला विचारायला लाजू नका.

पण ‘लोह चांगलं’ म्हणून पुरुषांनी रक्तवाढीचं टॉनिक वर्षभर पिऊ नये. शरीराला जादा लोह बाहेर टाकायचा रस्ता जवळजवळ नाही. ते यकृतात आणि स्वादुपिंडात साठतं, आणि त्या साठ्यानेच मधुमेह होऊ शकतो. जुने फ्रेंच डॉक्टर त्याला काशाच्या रंगाचा मधुमेह म्हणत, कारण कातडीही तांबूस काळवंडते. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना पुढे मधुमेह होतो तो याच वाटेने. बिडाच्या तव्यावरची घावणं, पालेभाजीवर पिळलेलं लिंबू, आणि जेवणानंतर लगेच चहा न घेणं, इतकं घरचं लोखंड बहुतेकांना पुरतं. रक्तक्षय असेल त्यांना गोळी हवीच, तिथे तव्यावर भागत नाही.

दुसरं नाव तुम्हाला परकं वाटेल: कोबाल्ट. ते आपल्याला लागतं ते एकाच रूपात, बी-१२ जीवनसत्त्वाच्या पोटात. सगळ्या जीवनसत्त्वांत धातू पोटात बाळगणारं हे एकटंच. त्याची रचना १९५६ मध्ये कोणी उलगडली? त्याच डोरोथी हॉजकिन यांनी, आणि १९६४ चं नोबेल त्यांना मिळालं. इन्सुलिन आणि बी-१२, मधुमेहाच्या दोन्ही टोकांना त्याच बाई उभ्या आहेत.

मधुमेहाची जुनी, स्वस्त आणि चांगली गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ती घ्याच. पण वर्षानुवर्षे घेतल्यावर बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. आधीच शाकाहारी घर, त्यात दूध-दही बेताचं, वर दहा वर्षं मेटफॉर्मिन. मग तळपाय जळजळतात, मुंग्या येतात, पाय जमिनीवर पडतो की कापसावर ते कळत नाही. आपण म्हणतो ‘शुगरमुळे नसा गेल्या’ आणि गप्प बसतो. त्यातल्या काहींच्या नसा बी-१२ अभावी गेलेल्या असतात, आणि वेळेत इंजेक्शन दिलं तर त्या परत येतात. मोहल्ल्यातून, कोळीवाड्यातून आलेल्या मंडळींना हा धोका कमी. तिसऱ्या, कालवं, खेकडे, बांगडा यांत बी-१२ भरपूर. ब्राह्मणआळीने जास्त ऐकावं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा धागा आणखी मागे, थेट गर्भापर्यंत नेला. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास त्यांनी चालवला. जन्मतः वजनाला हलकी पण चरबी राखून असलेली आपली बाळं, ‘बारीक तरी चरबीची’, ही ओळख जगाला त्यांनी करून दिली. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला न जुमानण्याची लक्षणं जास्त दिसली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसता म्हणून निश्चिंत असलेल्या कोकणी माणसाने हा फोटो आरशाशेजारी लावावा.

तिसरं पोटॅशियम. मघाशी ज्यांना थांबायला सांगितलं, त्यांनी आता कान द्या. इथे मला माझीच चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सत्तरीचे एक गृहस्थ आले. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू. उन्हाने थकलेले. वाडी घरची. मी म्हटलं, ‘काका, शहाळं घ्या रोज.’ त्यांनी एक सांगितलं तिथे दोन घेतली. आठ-दहा दिवसांनी छातीत धडधड आणि पायांत जोर नाही म्हणून त्यांना घेऊन आले. पोटॅशियम ६.१. त्या पातळीला हृदयाचा ठोका चुकू शकतो. त्यांचं क्रिएटिनीन मी त्या वर्षी बघितलंच नव्हतं. मधुमेहाने मूत्रपिंड मंदावलं होतं, आणि रक्तदाबाची ती गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवणाऱ्या जातीची होती. एका शहाळ्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड ते हसत बाहेर टाकतं. काका वाचले. मी तेव्हापासून क्रिएटिनीन बघितल्याशिवाय शहाळ्याचा सल्ला देत नाही, आणि दरवर्षी तपासण्याचा धोशा लावते. आंबा, केळं, शहाळं, टोमॅटो यांत पोटॅशियम आहे. मूत्रपिंड चांगलं असेल तर ते रक्तदाबाला हितकारकच. मूत्रपिंड बिघडलेल्याला तेच विष होऊ शकतं. बाजारातलं ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणजे त्यात पोटॅशियम क्लोराईड मिसळलेलं असतं, तेही अशा माणसाने विचारल्याशिवाय घेऊ नये.

चौथं मीठ. मधुमेहाच्या माणसाला साखरेची भीती घालून घालून आपण मिठाचं विसरलो. मधुमेहात मूत्रपिंड, हृदय, डोळे जातात त्याला साखरेइतकाच रक्तदाब कारण असतो, आणि रक्तदाबाला मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं. घरी गेल्यावर एक सोपा हिशेब करा. चार माणसांचं घर, प्रत्येकी ५ ग्रॅम, महिन्याला सहाशे ग्रॅम मीठ झालं. तुमचा किलोचा पुडा महिनाभरात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात. मासे धुवायला, कैऱ्या मुरवायला गेलेलं वजा करा, पण सुकट, बोंबील, पापड, लोणचं आणि आगळातून आलेलं मिळवा. बहुतेक घरांत मिळवणीच जास्त भरते. एका घरी मी आमसुलाची बरणी आणि सुक्या जवळ्याचा डबा शेजारी ठेवून वजनकाटा मागवला, तर घरातल्या सूनबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, आता मीठ पण मोजायचं?’ सासूबाई आतून ओरडल्या, ‘साखर मोजतेस ना, मग मीठ मोज!’ तुमच्या गावच्या महालक्ष्मीचा रथ असो की याकूबबाबांचा उरूस, जेवणं झाली की तहान लागते ती मिठामुळेच.

हां, आणखी एक. कोणीतरी मागच्या रांगेतून विचारणारच की तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने साखर उतरते का. नाही. पाणी प्यायल्याने तहान भागते.

डबीवाल्या त्या आजींचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. तपासण्या केल्या. बी-१२ खाली होतं, हिमोग्लोबिन साडेनऊ, क्रिएटिनीन ठीक. मेटफॉर्मिन चालू ठेवलं, बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोह दिलं, त्या घेत होत्या ती ॲसिडिटीची गोळी हळूहळू बंद केली. दातांचा प्रश्न दातांच्या डॉक्टरांनी सोडवला, आणि तोवर नाचणी आंबिलीच्या वाटेने परत आली. त्यांचेही तळपाय जळजळत होते, ती जळजळ निम्म्याने उतरली आहे, पूर्ण गेलेली नाही. मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने विचारलं, डबी परत चालू करू का. आजी म्हणाल्या, तिच्यात मी हिंग भरलाय.

उद्या सकाळी नऊ वाजता शाळेत तपासणी आहे. उपाशीपोटी या. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या आणि डब्या, डॉक्टरने दिलेल्या आणि न दिलेल्या, पिशवीत घालून आणा. मागच्या रक्ततपासणीचा कागद सापडला तर तोही. आणि मिठाचा पुडा कुठल्या तारखेला फोडलात, तेवढं घरी विचारून या.